प्रेमकथेत कुत्र्या-मांजराचं नेमकं काम काय?

तुम्ही विचारलंय की कादंबरी लिहायला घेतली आहे, नायिकेकडे एक कुत्रा आहे, आणि मैत्रीण म्हणतेय, 'कुत्रा काढून टाक, काही बिघडणार नाही.' मग एकदा काढूनच बघा. कथा जशीच्या तशी उभी राहिली, तर तो कुत्रा नव्हता, दिवाणखान्यातली फुलदाणी होती.

मी हे ठेच खाऊन शिकले. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला प्रेमकथा पाठवली होती. पहिल्या दोन पानांत एक मांजर नायकाच्या मांडीवर येऊन बसतं, म्हणजे माणूस मायाळू आहे हे वाचकाला परस्पर कळावं, एवढाच माझा हिशोब. पुढे दोघं आठ दिवस कोकणात जातात. कथा परत आली. समासात पेन्सिलीनं एकच ओळ होती: 'मांजराला खायला कोण घालतंय?' तेव्हापासून 'कुत्र्याला आवडला म्हणजे माणूस चांगला' ही युक्ती कुठेही दिसली की मला ती पेन्सिल आठवते.

प्राण्याला कथेत कामाला कसं लावायचं, हे पाहायला फार लांब जायला नको. हाल राजाच्या गाथासप्तशती या जुन्या काव्यसंग्रहात, म्हणजे आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात, दोन ओळींची एक गाथा आहे. एक बाई एका धर्मशील माणसाला सांगते: बाबा, आता खुशाल हिंड, तू ज्याला घाबरायचास ते कुत्रं आज मेलं, गोदेकाठच्या झाडीतल्या माजलेल्या सिंहानं मारलं त्याला. तोंडानं म्हणतेय 'हिंड', सांगायचंय 'इकडे फिरकू नकोस'. ती झाडी तिची प्रियकराला भेटायची जागा आहे ना! सिंह खरंच आहे की नाही, देव जाणे. प्रियकराचा उल्लेखसुद्धा नाही, तरी ही प्रेमकविताच. नवव्या शतकात आनंदवर्धन या काव्यशास्त्रकारानं काश्मिरात बसून ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, समजावताना हीच गाथा उदाहरणाला घेतली.

पण माझं सगळ्यात लाडकं उदाहरण कालिदासाच्या शाकुंतलातलं. (आपली संगीत रंगभूमी १८८० साली याच नाटकाच्या मराठी अवतारावर उभी राहिली.) सगळ्यांना अंगठी आठवते, ती माशाच्या पोटात सापडली हेही आठवतं. मला हरणाचं पाडस आठवतं. चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते, तेव्हा मागून कुणीतरी तिचं वस्त्र ओढतं. दर्भाच्या टोकानं तोंड फाटलं तेव्हा तिनं ज्याला इंगुदीचं तेल लावलं, मूठमूठ सावे भरवून ज्याला वाढवलं, ते पाडस. इथवर डोळ्यांतून पाणी काढणारं दृश्य, एवढंच. खरी गंमत पाचव्या अंकात आहे.

राजा दुष्यंत ओळख देत नाही. अंगठी बोटात नाही. भर दरबारात ती पुरावा म्हणून एक आठवण काढते, दीर्घापांग नावाच्या पाडसाची. तुम्ही कमळाच्या पानातलं पाणी त्याच्यापुढे धरलंत, ते प्यायलं नाही. तेच पाणी मी धरलं, तर प्यायलं. तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, जो तो आपल्या माणसावरच विश्वास ठेवतो, तुम्ही दोघंही रानातलीच! आता विचार करा, हे त्या दोघांशिवाय कुणालाही ठाऊक असणं शक्य नाही. आणि राजा उत्तर काय देतो? कोकिळेचा दाखला. कोकिळा आपली पिल्लं दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते, बायकांचा कावेबाजपणा उपजतच असतो म्हणे. पोटुशी बाई समोर उभी, तीही आईनं टाकलेली आणि पाखरांनी सांभाळलेली! दुर्वासाचा शाप वगैरे सगळं मान्य, तरी मला दर वेळी वाटतं, पाडसानं राजाच्या हाताला बरोबर ओळखलं होतं.

आणि सहाव्या अंकात, पश्चात्तापानं पोळलेला हाच राजा शकुंतलेचं चित्र काढत बसतो. त्यात त्याला अजून काय हवंय? काळविटाच्या शिंगावर आपला डावा डोळा खाजवणारी हरिणी. शिंगाच्या टोकापाशी डोळा न्यायला केवढा भरवसा लागतो! राजाला काय कळलंय ते कालिदासानं त्या हरिणीवर सोपवलं.

परदेशातलं एकच सांगते. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) नायकाच्या आधी त्याचा पायलट नावाचा कुत्रा रस्त्यावर दिसतो, मग घोडा बर्फावर घसरून मालक पडतो. शेवटी मालक आंधळा झालाय, जेन पाणी घेऊन खोलीत येते आणि कुत्रा अशी झेप घेतो की हातातलं तबक पडता पडता राहतं. आंधळ्या माणसाला अजून ती मोलकरीणच वाटतेय, कुत्र्यानं मात्र ओळखलंय.

तुमच्या कुत्र्याचं म्हणाल तर त्याला दिवसातून दोनदा खाली न्यावं लागतं, पाऊस असो, भांडण झालेलं असो. नायिका रागानं दार लावून रात्रभर घरात बसू शकत नाही. तो तिच्या आधीच्या नात्यात दोघांनी मिळून आणलेला असेल, तर त्याचं नावही दुसऱ्याच माणसानं ठेवलेलं असणार, आणि नव्या माणसाला रोज त्याच नावानं हाक मारावी लागणार. होणाऱ्या सासूबाईंना घरात कुत्रा चालत नसेल, तर मग बघायलाच नको. आणि तुमची कथा दहा वर्षं चालत असेल तर कृपा करून त्याला म्हातारं होऊ द्या.

माझी ती कथा मी पुन्हा लिहिली. मांजर शेजारच्या काकूंकडे ठेवलं, ते तिथून पळालं, आणि नायक-नायिका भर पावसात दूधभात घेऊन सगळी गल्ली पालथी घालत हिंडले. कोकण काढून टाकलं.