स्थिर वीज ‘स्थिर’ कशी?

‘स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो, मग या विजेला स्थिर का म्हणायचं? आणि तिच्यासाठी जुना शब्द आहे का?’ असं तुम्ही विचारलंत.

शंका रास्त आहे. पण ‘स्थिर’ हे विशेषण ठिणगीचं नव्हे, ठिणगीआधीच्या अवस्थेचं. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकून दूर झाले की एकाचे थोडे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. कापड दुर्वाहक, त्यामुळे ते वाहून न जाता तिथेच साठतात. हा साठलेला प्रभार म्हणजे स्थिर वीज. बोट कडीपासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर आलं आणि मध्ये काही हजार व्होल्टचा फरक असला, की हवाच क्षणभर वाहक होते. आपल्याला झटका बसतो तो या वाहण्याचा.

तरीही मला शाळेच्या पुस्तकातला ‘स्थितिक विद्युत’ हा शब्दच जास्त पटतो. ‘स्थिर’चा दुसरा अर्थ ‘न बदलणारा’. स्थिर वेगाने जाणारी गाडी काही उभी नसते! त्या चालीने ‘स्थिर विद्युत’ म्हणजे एकसारखा वाहणारा प्रवाह, असंही कुणी समजेल. ‘स्थितिक’ म्हटलं की स्थितिकी (स्थिर वस्तूंचा अभ्यास) आणि गतिकी (हलत्या वस्तूंचा) ही जोडी आठवते आणि घोटाळा टळतो. ‘घर्षणविद्युत’ मात्र तोकडा आहे. चिकटपट्टी गुंडाळीवरून झर्रकन ओढून पाहा, ती लगेच हाताकडे झेपावते. तिथे घासलं कुठे काय?

साठलेला प्रभार निघून जाण्याला, म्हणजे डिस्चार्जला, पुस्तकात ‘विसर्जन’ म्हणतात. बोलताना आपण ‘बॅटरी उतरली’ म्हणतोच. ताप उतरतो, विष उतरतं, तसा प्रभारही उतरतो. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि त्यातून प्रभार गुपचूप निघून जातो, तिथे ‘उतरला’ हे क्रियापद चपखल बसतं. ठिणगीला ते मवाळ वाटतं, तिथे ‘विसर्जन’ राहू द्यावं.

आता जुना शब्द. ‘वीज’ आली विद्युत्, विज्जु अशा वाटेने, म्हणजे थेट आभाळातून. इंग्रजी ‘इलेक्ट्रिसिटी’च्या मुळाशी मात्र ग्रीक ‘एलेक्ट्रॉन’, म्हणजे अंबर हा राळेचा खडा. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम गिल्बर्टने 1600 साली त्यावरून लॅटिन विशेषण घडवलं, कारण घासलेलं अंबर हलक्या वस्तू ओढून घेतं. आभाळातली वीज आणि हे अंबराचं ओढणं एकाच जातीचं, हे 1752 साली फ्रान्समधल्या मार्ली गावात, अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनने सुचवलेल्या प्रयोगातून दिसलं. ढगांखाली उभारलेल्या उंच लोखंडी सळईतून तशाच ठिणग्या निघाल्या. आपल्याकडे या विजेसाठी वेगळं नाव नसलं, तरी त्याच अंबराला संस्कृतातून आलेला फार सुंदर शब्द आहे: तृणमणी. गवताची काडी ओढून घेणारा मणी.