गांजामुळे की आधीपासूनच? आमचे आठ महिने ह्याच वादात गेले

ताई, तू लिहिलंयस की भाऊ 20 वर्षांचा आहे, दोन वर्षं गांजा ओढतोय, आता म्हणतो समोरच्या बिल्डिंगमधले लोक माझं बोलणं रेकॉर्ड करतात, रात्ररात्र जागतो, आणि काका म्हणतायत माल सुटला की आपोआप उतरेल, तर थांबायचं का. नको थांबूस. ह्याच आठवड्यात सायकिअ‍ॅट्रिस्टला दाखव.

आम्ही ठाण्याचे, वर्तकनगरला राहतो. माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं. एकदा आईने कुकर लावायला तांदळाचा डबा उघडला तर आत त्याचा मोबाईल, फॉइलमध्ये चार पदरी गुंडाळलेला. सेट-टॉप बॉक्सच्या लाल दिव्यावर चिकटपट्टी. त्या दिवशी आम्ही हसलो, ते मला अजून टोचतं. मग बाबा म्हणाले गांजाने डोकं फिरलंय, मामा म्हणाला आजोबांचा भाऊ पण असाच होता, रक्तातच आहे, आत्याने मीठ-मोहरी उतरवून टाकली, आणि कारण कुणाचं खरं ह्यावर भांडता भांडता आठ महिने गेले, डॉक्टर एकही नाही. सायकोसिसचे, म्हणजे खरं काय आणि भास काय हेच कळेनासं होतं त्या आजाराचे, उपचार जितके उशिरा सुरू होतात तितकं सावरायला जड जातं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आणि बाबा-मामा दोघंही बरोबर असू शकतात ना. घरात कुणाला असा आजार असेल, त्यात मुलगा कोवळ्या वयात ओढायला लागला असेल, तर धोका वाढतो. स्वीडनमध्ये 1969-70 ला सैन्यभरतीला आलेल्या 45 हजारांवर तरुणांची पुढची 15 वर्षं पाहिली, तेव्हा आधी 50 पेक्षा जास्त वेळा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनिया, म्हणजे सायकोसिसचाच दीर्घकाळ चालणारा आजार, न ओढलेल्यांच्या सहापट निघाला. इतर कारणं हिशेबात धरली की तो आकडा बराच खाली येतो, पण पुसला जात नाही. मग 2019 ला युरोप आणि ब्राझीलमधला मोठा अभ्यास आला, त्यात रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसचं प्रमाण साधारण तिप्पट, आणि रोज कडक माल, म्हणजे 10 टक्क्यांच्या वर टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेला, ओढणाऱ्यांत जवळजवळ पाचपट. म्हणून तो साधा गांजा ओढतो की हायड्रो, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला कडक गांजा, ते नक्की विचार. मित्र म्हणतील आम्ही पण ओढतो, आम्हाला कुठे काय झालं, तर खरंय, बहुतेकांना होत नाही, पण ज्याला झालंय त्याला त्याचा काय उपयोग.

काकांचं "उतरेल" पूर्ण चुकीचं नाही, कित्येकांचं बंद केल्यावर काही दिवसांत, काही आठवड्यांत उतरतं. पण गांजाने सायकोसिस झाल्याचं निदान झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना पुढे स्किझोफ्रेनिया झाल्याचं दिसलंय, आणि आपला मुलगा त्यातला आहे की नाही ते घरात बसून कळत नाही. शांत झाला तरी फॉलोअप सोडायचा नाही. भांग चालते असंही कुणीतरी म्हणेल, 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात नुसती पानं गांजात धरत नाहीत म्हणून, पण टीएचसी पानातही असतंच.

त्याच्याशी वाद घालू नकोस. "असं काही नाहीये" म्हटलं की आम्ही पण त्या समोरच्या लोकांना सामील झालो, असं माझ्या भावाला वाटायचं. "तुला झोप लागत नाहीये, त्यासाठी जाऊया" ह्यावर तो रिक्षात बसला. डॉक्टरला गांजाचं सगळं खरं सांग, पोलिसांची भीती नको, पेशंटची माहिती गोपनीय ठेवायचं बंधन 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे.

आज रात्री काही सुचलं नाही तर टेलीमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन कर, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलतात. विष घातलंय म्हणून जेवण बंद केलं, उशाखाली सुरी सापडली किंवा मरायचं बोलला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीला ने, एकटी जाऊ नकोस.

जाताना एका कागदावर लिहून घे, पहिली विचित्र गोष्ट कधी दिसली, गांजा कितव्या वर्षी सुरू झाला, शेवटचा कधी ओढला, घरात आधी कुणाला होतं का. आमच्याकडून डॉक्टरने पहिले हेच विचारलं आणि आईला, मला, बाबांना तिघांना तीन वेगळे महिने आठवत होते.