भावाची बिडी आणि त्याची औषधे

ताई, स्किझोफ्रेनिया (भास, संशय आणि विचारांचा गोंधळ होणारा मानसिक आजार) असलेल्या भावाची बिडी आधी बंद करावी असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे, पण घाई करू नका. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये धूम्रपानाचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते. तंबाखूतील निकोटीनमुळे काही काळ लक्ष एकाग्र होते, औषधांमुळे आलेले जडत्व कमी जाणवते आणि रिकामा दिवस कसाबसा सरतो. हे शेवटचे कारण दवाखान्यात क्वचितच कोणी विचारते. आजार मात्र बिडीने बरा होत नाही.

या आजाराशी नव्याने गाठ पडलेले कुटुंबीय हमखास चुकतात ते असे की, औषधावर परिणाम निकोटीनचा होतो असे ते समजतात. प्रत्यक्षात धुरातील घटक यकृतातील एका एन्झाइमचे काम वाढवतात आणि क्लोझापिन किंवा ओलान्झापिन हे या आजारावरचे औषध शरीरातून लवकर निघून जाते. म्हणून धूम्रपान एकाएकी थांबले, मग ते रुग्णालयात भरती झाल्यामुळे का असेना, की त्याच गोळ्यांची रक्तातील पातळी काही दिवसांतच वाढू लागते. बिडीची तलफ कमी करण्यासाठी त्वचेवर निकोटीनच्या पट्ट्या लावल्या तरी ही वाढ टळत नाही.

सध्या एवढेच पाळा:

- रोजच्या बिड्यांचा खरा आकडा डॉक्टरांना सांगा आणि सोडण्याची तारीख त्यांच्याशी बोलूनच ठरवा.
- गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करू नका.
- बिडी सुटल्यावर अति झोप, लाळ गळणे, तोल जाणे किंवा तीव्र बद्धकोष्ठता दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. फिट आल्यास थेट रुग्णालय गाठा.

बिड्या लपवून ठेवू नका. त्याने भांडणे वाढतात, बिड्या कमी होत नाहीत. बिडी सोडवणाऱ्या औषधांचा विचार तो स्थिरावल्यावर, त्याच्या संमतीने करता येईल.