चिडू नकोस पोरी, हिशोब विचार

पोरी,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला, मग ऑफिसची बॅग भरून ठेवली आणि परत वाचला. "काका, मी मूर्ख आहे का, ज्या टीमच्या मालकालाच जिंकायची घाई नाही त्या पिट्सबर्ग पायरेट्ससाठी मी घसा बसवून घेते, बाबा म्हणतात दुसऱ्याच्या पैशावर तू का बोलतेस, आणि रूममेट म्हणते हे सोड, लॉस एंजेलिसची श्रीमंत डॉजर्स पकड." मूर्ख नाहीयेस, ते सोड. बेसबॉल का आवडावा हेही तुला सांगायची गरज नाही, मे २०२४ मध्ये आपला पिचर पॉल स्कीन्स पहिल्यांदा बॉल टाकायला माउंडवर आला त्या दिवशीच तुझं ते काम झालंय.

आधी बाबांचं बघू. नाशिकला बसून त्यांना असं वाटणारच, आपल्याकडे लहानपणापासून हेच शिकवतात की लोकांच्या खिशात डोकावू नये. पण त्यांना एक सांग, तो खिसा फक्त लोकांचा नाहीये. आपलं स्टेडियम, पीएनसी पार्क, २००१ ला उघडलं ते मुख्यतः सरकारी पैशातून. १९९७ ला इथल्या लोकांनी स्टेडियमसाठी जादा सेल्स टॅक्स मतदान करून फेटाळला होता, तरी पुढाऱ्यांनी दुसरा रस्ता काढला आणि आधीपासून असलेल्या काउंटीच्या एक टक्क्यातून पैसा वळवला. आजही तू फोर्ब्स अॅव्हेन्यूवर काही विकत घेतलंस की बिलावर सात टक्के लागतात ना, त्यातले सहा राज्याचे, एक काउंटीचा, आणि त्या एकातला अर्धा ज्या फंडात जातो त्याच फंडातून स्टेडियमचं कर्ज फेडायला पैसे दिले गेले. मी तो एक टक्का १९९४ ला सुरू झाल्यापासून भरतोय, तू दोन वर्षं भरतेयस. तेव्हा बोलायचा हक्क आहे. आणि हक्क आहे म्हणूनच सांगतो, नुसतं चिडू नकोस, हिशोब विचार.

एप्रिल २०२५ मध्ये यँकीजविरुद्धच्या होम ओपनरला, म्हणजे घरच्या मैदानावरच्या पहिल्या मॅचला, सगळं स्टेडियम "सेल द टीम" ओरडत होतं, तूही ओरडलीस, बरं केलंस. पण मला सांग, उद्या मालक बॉब नटिंगने टीम विकली आणि दुसरा कुणी असाच आला तर काय ओरडणार? माणूस बदलून गणित बदलत नाही. गणित काय आहे ते बघ. नॅशनल टीव्हीचा पैसा तीसही क्लबना सारखा मिळतो. त्याशिवाय प्रत्येक क्लब आपल्या लोकल कमाईतले ४८ टक्के एकत्र टाकतो आणि ते सगळ्यांत सारखे वाटले जातात, म्हणजे न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसवाले देतात आणि आपल्यासारखे घेतात. मालक आणि खेळाडूंच्या करारात लिहिलंय की हा घेतलेला पैसा टीम चांगली करायला वापरायचा. आता वापरला की नाही हे कोण बघतं? २०१८ ला खेळाडूंच्या युनियनने चार क्लबविरुद्ध याच मुद्द्यावर तक्रार केली, त्यात आपले पायरेट्स होते. आणि २०१० ला आपल्या क्लबची कागदपत्रं फुटली तेव्हा कळलं की २००७ आणि २००८ मिळून जवळजवळ २९ मिलियन डॉलर्स नफा झाला होता. त्या दोन्ही वर्षी आपण नव्वदच्या वर मॅच हरलो होतो. हरूनही नफा होतो, पोरी. तिथे बोट ठेव. माणूस कंजूष आहे का दिलदार यावर रात्रभर वाद घालून काही निघत नाही, हिशोब विचार.

तू म्हणालीस आयपीएलमध्ये असं चालत नाही. खरंय. २०२५ च्या लिलावात सगळ्यांना १२० कोटींचीच पर्स होती आणि त्यातले ७५ टक्के तरी खर्च करायलाच लागत होते. इथे वर मर्यादा नाही, ठराविक रकमेपुढे टॅक्स बसतो इतकंच, आणि कमीत कमी इतका खर्च करा असंही कुणी म्हणत नाही. डिसेंबर २०२६ ला मालक आणि खेळाडूंचा करार संपतोय, तेव्हा वरची मर्यादा आणा म्हणून मालक मागे लागणार आणि आपलेच लोक टाळ्या वाजवणार, की आता डॉजर्स आटोक्यात येतील, त्यांच्या ओटानीसारख्या एका खेळाडूला ७०० मिलियन देणं बंद होईल. तू वाजवू नकोस. खालच्या मर्यादेशिवाय वरची मर्यादा म्हणजे न खर्च करणाऱ्याला दिलेलं बक्षीस आहे. कुणी असं बोललं की एकच विचार, खालचा आकडा किती ठेवताय?

आणि "छोटं गाव, काय करणार" हे तर मला ऐकवतच नाही आता. मिलवॉकी पिट्सबर्गपेक्षा लहान मार्केट आहे आणि २०२५ ला ब्रूअर्सनी ९७ मॅच जिंकल्या, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. आपण ७१. आपल्याकडे स्कीन्स आहे, ईआरए १.९७, म्हणजे नऊ इनिंगला दोन रनसुद्धा देत नाही, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला, आणि त्याच वर्षी त्याचा रेकॉर्ड १०-१०, दहा जिंकल्या, दहा हरल्या. तो मॅच सोडून डगआउटमध्ये परत जाताना तू कॅमेऱ्यात त्याचा चेहरा बघितला असशील. मीही बघितलाय, मी तसाच चेहरा आधी बघितलाय.

१४ ऑक्टोबर १९९२. स्क्विरल हिलला आम्ही तिघं एका अपार्टमेंटमध्ये राहायचो, टीव्ही एकाचा, सोफा रस्त्यावरून उचलून आणलेला. अटलांटात ब्रेव्ह्जविरुद्ध सातवी मॅच, जिंकलं की वर्ल्ड सिरीज, नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आउट, आपण २-१ पुढे. त्यांच्या कब्रेराने बॉल लेफ्टला मारला, एक जण आला, बरोबरी झाली, आणि मागून सिड ब्रीम पळत सुटला. ब्रीमचे गुडघे किती वेळा ऑपरेट झालेले ते आम्हाला पाठ होतं कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो आपलाच होता, पैशाचं जमलं नाही म्हणून ब्रेव्ह्जकडे गेला. आपल्या बॉन्ड्सने थ्रो केला, तो किंचित बाजूला आला, आपला कॅचर लावॅलिएरने झेप घेतली, आणि ब्रीमचा पाय आधी प्लेटला लागला. माझा हात वरणभाताच्या ताटात तसाच राहिला होता. दोन महिन्यांत बॉन्ड्स जायंट्सकडे गेला, ४३.७५ मिलियनला. मग वीस वर्षं, १९९३ ते २०१२, एकही विनिंग सीझन नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या खेळात इतकं सलग कुणी हरलेलं नाही. तू दोन वर्षांत थकलीस म्हणतेस.

चुकलो, असं बोलायला नको होतं. थकणं वर्षांवर नसतं.

आता माझं सांगतो, हे कुणाला फारसं सांगितलेलं नाही. २०१३ ला वाइल्ड कार्डच्या, म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या मॅचला लेकीला घेऊन गेलो होतो, ती दहा वर्षांची. सगळं स्टेडियम काळ्या कपड्यांत, सगळे एका सुरात "क्वेटो, क्वेटो" ओरडत होते, त्या समोरच्या पिचरच्या हातातून बॉल पडला आणि पुढच्याच बॉलला आपल्या मार्टिनने होमरन मारला. लेक माझ्या खांद्यावर चढून रडत होती. पुढे जानेवारी २०१८ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने पिचर कोल गेला आणि सगळ्यांचा लाडका मॅककचन गेला, क्लबने दोघांना दुसरीकडे देऊन टाकलं, आणि मी ठरवलं की संपलं, या नटिंगला माझा एक डॉलर मिळणार नाही. त्याच मे महिन्यात मॅककचन जायंट्सच्या जर्सीत परत पीएनसीला खेळायला आला. लेक म्हणाली बाबा फक्त ही एक मॅच. मी नाही म्हणालो. तत्त्व म्हणजे तत्त्व. तिने खोलीचं दार लावून रेडिओवर ऐकली, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते तो आवाज मला जिन्यापर्यंत येत होता आणि मी तिथेच उभा होतो, वर गेलो नाही.

तुला वाटेल काका आता म्हणणार बहिष्कार चूक होता. नाही म्हणणार. मी तीस वर्षं लोकांची अकाउंट्स तपासली आहेत, जिथे पैसा नीट वापरला जात नाही तिथे आपला पैसा देऊ नये हे मला आजही पटतं. पण अकाउंट्सचाच माणूस असून मी साधं गणित केलं नाही. माझ्या चार तिकिटांनी काय होणार होतं? टीव्हीचा पैसा येतोच, वाटपाचा येतोच, नटिंगला माझी उणीव कळलीसुद्धा नाही. ज्या एका माणसाला कळली ती पंधरा वर्षांची होती. मॅककचन २०२३ ला परत आला तोवर ती सिएटलला गेली होती. म्हणून सांगतो, आधी हिशोब, मग राग. मी उलटं केलं.

एक काम देतो, तू स्टॅटिस्टिक्सची आहेस. क्लबचे हिशोब बंद असतात, मान्य, पण सगळ्यांचे नाही. अटलांटा ब्रेव्ह्जची कंपनी शेअर बाजारात आहे, त्यांना दर तीन महिन्यांनी कमाई, खर्च, सगळं छापावं लागतं. हो, तेच ब्रेव्ह्ज. ते रिपोर्ट डाउनलोड कर, बेसबॉलचा क्लब पैसा कुठून आणतो ते ओळीओळीने वाच, आणि मग आपल्या पायरेट्सचा अंदाज मांड. आपल्या खेळाडूंपैकी रेनॉल्ड्सला १०६.७५ मिलियन दिले, केलरला ७७ दिले, तेही त्यात धर, मालकाने काहीच दिलं नाही असं खोटं लिहू नकोस, नाहीतर तुझा कागद पहिल्याच मिनिटात फाडतील. झालं की मला पाठव, चुका मी काढतो, तो कागद काउंटी कौन्सिलच्या मीटिंगमध्ये वाचायचा, तिथे पब्लिकला बोलायला वेळ असतो. तुला स्टेजची भीती वाटते हे माहितीये. तरी वाचायचा.

डॉजर्सचं म्हणशील तर पकड, मी अडवणार कोण. फक्त मग स्कीन्सच्या दिवशी मला मेसेज टाकू नकोस, मला ते सहन होणार नाही.

एप्रिलची तिकिटं मी काढतोय, थर्ड बेसच्या बाजूची, तिथून पूल आणि नदी दोन्ही दिसतात. तुझे पैसे तू द्यायचे. आत खायला काही घेऊ नकोस, बाहेरचा डबा चालतो तिथे, तुझी काकू तिखटमिठाच्या पुऱ्या देणार आहे. लेकीलाही विचारलंय येतेस का, अजून उत्तर नाही आलं, पण एक जास्तीचं काढून ठेवतोय.

काका