फिनिश की क्रोएशियन? आधी मुलीला विचारा

(कोल्हापूरहून एका वडिलांनी लिहिलं आहे : मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक एजंट फिनलंड सुचवतो, दुसरा क्रोएशिया. फिनिशमध्ये पंधरा विभक्त्या, क्रोएशियनमध्ये सातच, म्हणून क्रोएशियन सोपी असं आम्ही ठरवत होतो. पण पगार फिनलंडमध्ये जास्त. सध्या ती पहाटे पाचला उठून फिनिशचे तक्ते पाठ करते, मध्येच रडते. नव्वद दिवसांत बी१, म्हणजे भाषेची मधली पातळी, करून देणाऱ्या क्लासला घालावं का? फिनलंडच्या एजंटला पन्नास हजार आगाऊ दिले आहेत.)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात दोन देश आहेत, दोन भाषा आहेत, पगाराची तुलना आहे. मुलीचं एकही वाक्य नाही. ती रडते हे तुम्ही लिहिलंत, पण लगेच क्लासचं विचारलंत. वॉर्डमधली ड्युटी, केस स्टडी आणि परीक्षा सांभाळणाऱ्या मुलीला कोणी न विचारता तिच्यावर लादलेली भाषा पाठ करावी लागते आहे. तिला परदेशी जायचंय का? की इथेच एम.एस्सी. करायचंय? लहान मुलांच्या विभागात काम करायचंय की म्हाताऱ्यांच्या? हे आज रात्री जेवताना विचारा आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका. उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

आता तुमचा गैरसमज. विभक्त्या मोजून भाषेची अवघडता ठरत नाही. मराठी माणसाने तर तसं अजिबात मोजू नये. फिनिशमध्ये ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ घरात, ‘तालोस्ता’ घरातून. प्रत्यय शब्दाच्या मागे चिकटतो, आपल्यासारखाच. ‘रस्ता’चं ‘रस्त्यावर’ होताना आपलं सामान्यरूप बदलतं. तिथेही ‘कातु’चं ‘कादुल्ला’ होतं. ‘माझ्याकडे गाडी आहे’ हे वाक्यही फिनिशमध्ये जवळजवळ त्याच घडणीचं. लिंगभेद तर नाहीच. तो आणि ती दोघांनाही ‘हॅन’. क्रोएशियनच्या सात विभक्त्या मात्र दिसतात तेवढ्या साध्या नाहीत. आधी नामापूर्वी येणारं शब्दयोगी अव्यय (‘उ’, ‘इझ’) निवडायचं, मग नामाचा शेवट बदलायचा, आणि तो शेवट लिंग-वचनाप्रमाणे वेगळा : घरात ‘उ कुची’, पण शहरात ‘उ ग्रादु’, घरातून ‘इझ कुचे’, शहरातून ‘इझ ग्रादा’. त्यावर जवळजवळ प्रत्येक क्रियापदाची जोडी, एक चालू क्रियेचं आणि एक पूर्ण झालेल्या क्रियेचं : ‘पिसाति’ लिहीत राहणं, ‘नापिसाति’ लिहून टाकणं. तरी क्रोएशियन आपल्याच इंडो-युरोपीय कुळातली. तिन्ही लिंगं आहेत, ‘नेबो’त नभ ऐकू येतं, आणि ‘मी होतो’, ‘मी होते’ हा फरक तिथेही ‘बिओ साम’, ‘बिला साम’ असा होतो. फिनिश ‘उरालिक’ या वेगळ्या भाषाकुळातली, एस्टोनियनची सख्खी. तिचे शब्द ओळखीचे वाटणार नाहीत, प्रत्येक नव्याने पाठ करावा लागेल. अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी सरकारी संस्था दोन्ही भाषा एकाच गटात धरते : सुमारे ४४ आठवडे, ११०० तास.

तो हिशेब इंग्रजी भाषकांचा, आणि बी१पेक्षा बराच वरच्या पातळीचा आहे. निम्मे तास धरले तरी ५५० होतात. रोज दोन तास दिले तर नऊ महिने. नव्वद दिवसांच्या क्लासला पैसे भरू नका.

फिनलंडमध्ये नर्सच्या परवान्यासाठी पात्रता मान्य व्हावी लागते आणि भाषा सिद्ध करावी लागते. त्यासाठी सहसा ‘वायकेआय’ या सरकारी परीक्षेचा मधला टप्पा लागतो, म्हणजे ३ किंवा ४ पातळी (बी१-बी२). तोवर शिकलेल्या नर्सलाही अनेकदा मदतनीस म्हणून काम करावं लागतं. शिवाय पुस्तकातलं ‘मिनॅ ओलेन’ (मी आहे) रुग्णाच्या तोंडी ‘मॅ ओओन’ होतं. लेखी फिनिश पक्की असूनही वॉर्डात गोंधळ होतो तो इथे. स्वर लांबला की अर्थही बदलतो : ‘तुलि’ आग, ‘तूलि’ वारा. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो, बोलताना फारसे पाळत नाही, त्यामुळे कानाला वेगळा सराव हवा. क्रोएशियातही नर्सला परवाना आणि भाषा दोन्ही लागतात. २०१३ मध्ये तो देश युरोपीय संघात गेल्यापासून तिथल्याच अनेक नर्सेस जर्मनी-आयर्लंडला गेल्या. जागा का रिकाम्या आहेत ते यावरून समजून घ्या. भारतीयांना तिथे मिळणारे परवाने बरेचसे बांधकाम आणि हॉटेलांच्या कामाचे असतात. एजंटने ‘हेल्थकेअर’ म्हटलं तर पदाचं नाव क्रोएशियनमध्ये लेखी मागा.

मुलगी हो म्हणाली, तर क्रम असा : आधी पदवी, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग वर्ष-दोन वर्षं रुग्णालयाचा अनुभव. भाषा त्या अनुभवाच्या काळात शिकावी. आत्ता सुट्टीत चार आठवडे दोन्ही भाषा रोज अर्धा तास नुसत्या ऐकू द्या. फिनलंडच्या सरकारी वाहिनीवर, ‘उले’वर, सोप्या फिनिशमधल्या बातम्या फुकट मिळतात. तक्ते बंद. महिन्याने कोणती भाषा तिला आपणहून ऐकावीशी वाटते, ते ती सांगेल. क्रोएशियन निवडली तर पुढे झाग्रेब विद्यापीठाचं ‘क्रोआतिकुम’ केंद्र परदेशी विद्यार्थ्यांना शिकवतं.

पन्नास हजारांचं काम मात्र उद्याच करा. एजंटची नोंदणी परदेशी नोकरभरतीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतं. पावती मागा, जास्तीची रक्कम लेखी अर्ज देऊन परत मागा, आणि मुलीचा मूळ पासपोर्ट त्याच्याकडे असेल तर तो आधी घरी आणा.