शिष्ट आणि शिष्य

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते आणि येत्या गुरुवारी प्रार्थनेनंतर चार शब्द बोलायची पाळी त्यांची आहे. त्यांनी लिहिलं तसंच देतो:

“मी रोज सकाळी ग्रामगीतेचा एक अध्याय वाचतो अन् मंग वावरात जातो. धुऱ्यावरून जाताना बाया निंदून रायल्या दिसतात, तवा मनात येते का यायले काय समजते. कोनाले काई बोलत नाई मी, उलट हासून बोलतो. पन आतमंदी ते असते. याले गर्व म्हनावं त तेवढं मोठं नाई वाटत. बरोबर शब्द कोन्ता? अन् त्याच्या उलटा शब्द नम्रता का लीनता?”

(बाहेरच्या वाचकांसाठी: ग्रामगीता म्हणजे तुकडोजी महाराजांचा ग्रंथ, धुरा म्हणजे शेताचा बांध. वऱ्हाडात बायाही ‘मी वाचतो, मी जातो’ असंच म्हणतात. ती तिथली रीत आहे, चूक नव्हे.)

ताई, ‘गर्व’ तुम्ही बाजूला ठेवलात ते योग्यच केलंत. गर्व, ताठा, माज, गुर्मी हे सगळे शब्द बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींचे आहेत. ताठा मानेत दिसतो. गाय माजावर आली की साऱ्या गोठ्याला कळतं, आणि माणसाच्या माजाचंही तसंच. ‘दर्प’ संस्कृतात गर्वाला म्हणतात, पण मराठीत तो उग्र वासाचाही शब्द झाला, जणू गर्व आणि वास दोन्ही दुसऱ्याच्या नाकापर्यंत पोहोचतात. तुम्ही सांगता ते कोणापर्यंतच पोहोचत नाही. बोलणं गोड, चेहरा हसरा, आणि आत एक निवाडा देऊन झालेला. त्याला वेगळाच शब्द हवा.

‘अहंमन्यता’ आणि ‘आत्मसंतुष्टता’ अग्रलेखात शोभतात. प्रार्थनेला चटईवर बसलेल्या माणसांपुढे ते उच्चारले तर ऐकणाऱ्यांचं अर्धं लक्ष शब्दातच अडकेल. ‘आढ्यता’ जास्त जवळचा. आढ्य म्हणजे संपन्न, श्रीमंत. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीचा माणूस स्वतःशीच बोलतो, ‘आढ्योऽभिजनवानस्मि कोऽन्योऽस्ति सदृशो मया’, म्हणजे मी संपन्न आहे, कुलीन आहे, माझ्यासारखा दुसरा कोण आहे? आणि पुढच्याच शब्दांत तो म्हणतो, मी यज्ञ करीन, मी दान देईन. मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. आपल्या संपत्तीत त्याने पुण्यही मोजायला घेतलं आहे. वाचलेले अध्याय, केलेल्या वाऱ्या, दिलेलं अन्नदान, हे सगळं कोठीतल्या पोत्यांसारखं मोजता येतं, आणि मोजायला लागलो की आपण आढ्य. पण आजच्या बोलण्यात ‘आढ्यताखोर’ म्हणजे मिरवणारा. तुम्ही मिरवत नाही, म्हणून हाही शब्द तुम्हाला पुरता बसत नाही.

‘धन्यता मानणे’ हा वाक्प्रचार आणखी जवळ येतो. ‘धन्य’ची नाळही धनाशीच आहे. ‘दोन पारायणं केली आणि त्यातच धन्यता मानली’ असं आपण म्हणतो, तेव्हा पुढची वाट तिथेच थांबल्याची खंत त्यात असते. मात्र धन्यता मानणारा स्वतःपुरता असतो. धुऱ्यावरून खाली पाहणारी नजर त्या शब्दात नाही.

ती नजर ज्या शब्दात आहे तो म्हणजे ‘शिष्ट’. ‘लय शिष्ट हाये ते’, ‘शिष्टपना करते’ असं बायाबायांत बोललं जातं, आणि जिच्याबद्दल बोललं जातं ती बहुधा भांडखोर नसते. ती सभ्य असते, नीट बोलते, पण दोन बोटं वरून बोलते. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: शिष्टपणा.

आता हा शब्द आला कुठून ते पाहा, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची वाट तिथूनच जाते. संस्कृतात ‘शास्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ शिकवणे, शिस्त लावणे. त्यापासून दोन शब्द झाले. शिष्ट, म्हणजे ज्याला शिकवून झालं आहे तो. शिष्य, म्हणजे ज्याला अजून शिकवायचं आहे तो. एकाच धातूचे दोन भाऊ, फरक फक्त काळाचा. शिष्टाचं शिकणं मागे पडलं, शिष्याचं पुढे आहे. मूळ संस्कृतात शिष्ट हा मानाचा शब्द होता. शिष्टाचार, शिष्टमंडळ, शिष्टसंमत या शब्दांत तो मान आजही टिकून आहे. पण माणसाच्या स्वभावाबद्दल बोलताना मराठीने त्याच शब्दाला नाक मुरडलं. माझ्या मते भाषेने इथे अगदी नेमकं काही ओळखलं: शिकणं संपलं असं ज्याला वाटतं, त्याच्या सभ्यतेत गारठा शिरतो.

शिष्ट कोणाला म्हणावं याचं फार सुंदर वर्णन व्याकरणकार पतंजलीने महाभाष्यात करून ठेवलं आहे. काळ इसवी सनापूर्वी दुसरं शतक. तो म्हणतो, जे कुंभीधान्य आहेत, म्हणजे ज्यांच्या घरी एका मडक्यात मावेल एवढंच धान्य आहे, जे लोभी नाहीत, ते शिष्ट. पुढचा प्रसंग तर तुमच्या धुऱ्यावरचाच वाटावा. पाणिनीची अष्टाध्यायी, म्हणजे संस्कृत व्याकरणाचा ग्रंथ, शिकणारा विद्यार्थी अशा एका माणसाला पाहतो. त्या माणसाने अष्टाध्यायी शिकलेली नाही, तरी शास्त्रात सांगितलेले शब्द तो जसेच्या तसे बिनचूक बोलतो. विद्यार्थ्याच्या मनात काय यावं? ‘याला काय समजतं’ असं येत नाही. तो म्हणतो, याच्यावर नक्कीच दैवाचा अनुग्रह असला पाहिजे, नाहीतर हा याचा स्वभावच असावा, की हा न शिकताही नेमकं बोलतो.

शिकलेला माणूस न शिकलेल्याकडे पाहतो आहे, आणि पाहतो आहे तो नवलाने. नम्रतेवर मी जे काही वाचलं त्यात याहून खरं काही मला सापडलं नाही. आपण स्वतःला कमी लेखावं असं इथे कोणीच म्हणत नाही. विद्यार्थ्याला त्याची अष्टाध्यायी येतेच, ती येत नसती तर समोरच्याचं बोलणं बिनचूक आहे हे त्याला कळलंही नसतं. वाचनामुळे त्याची नजर तयार झाली आणि त्या नजरेने त्याने दुसऱ्यातलं खरं ओळखलं. ताई, अध्याय वाचणं सोडू नका. वाचून आलेली नजर धुऱ्यावर कुठे ठेवायची, एवढाच प्रश्न आहे. त्या बायांना दोन पानांच्या अंकुरावरून केना कोणता, तरोटा कोणता, चिवळ कोणती हे कळतं. उपटून काय टाकायचं आणि भाजीसाठी ओट्यात काय घ्यायचं हे हात थांबवल्याशिवाय ठरतं. हे त्यांना कोणत्या अध्यायात शिकवलं?

तुमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, मोर्शी तालुक्यात. चक्रधरांच्या महानुभाव पंथाचं हे मोठं स्थान. तिथल्या परंपरेतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. केशोबास हे संस्कृतात पारंगत पंडित. ते पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांच्याशी संस्कृत वळणाने बोलू लागले, तेव्हा आचार्य म्हणाले, तुमचं अस्मात् कस्मात् मी नेणें, मला चक्रधरांनी मराठीत निरूपण केलं आहे, त्यातच विचारा. ‘नेणें’ या एका क्रियापदाकडे पाहा. पंथाचा प्रमुख माणूस शिष्यांसमोर सरळ सांगतो की मला हे येत नाही, आणि तसं सांगण्याने त्याचं काहीच कमी होत नाही. जुन्या मराठीत ‘जाणणे’च्या समोर ‘नेणणे’ असं सरळ क्रियापद होतं. आपल्या रोजच्या बोलण्यात आता त्यातलं ‘नेणता’ तेवढं उरलं, तेही बहुधा लेकरापुरतं.

आणि अमरावती जिल्ह्यातच 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा. शाळा नाही, पोथी नाही. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. कीर्तनही कसं, तर लोकांनाच प्रश्न विचारत जाणारं, त्यांच्याच तोंडून उत्तर काढणारं. पायाला हात लावू देत नसत. मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही, असं ते सांगत. लाखोंनी त्यांच्याकडून घेतलं, पण ‘माझं सांगून झालं, तुम्ही शिकून झालात’ अशी मोहोर त्यांनी कोणावर मारली नाही.

आता नम्रता की लीनता. ‘नम्र’ नम् धातूवरून आलेला, वाकणारा. शब्द चांगला आहे, पण वाकणं अंगाचंही असू शकतं. ‘नम्र विनंती’ कोणत्याही कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलेली असते. लग्नपत्रिकेतल्या ‘विनीत’चीही तीच गत. ‘विनीत’चा मूळ अर्थ वळण लावलेला, संस्कृतात तो शिकवलेल्या घोड्यालाही लावत. तुम्ही त्या बायांशी हसून बोलता, म्हणजे नम्र आणि विनीत तर तुम्ही आताही आहातच, आणि तरी मनातलं गेलेलं नाही. ‘लीन’ म्हणजे विरून गेलेला, एखाद्याच्या ठायी मिसळून गेलेला. देवापुढे, नामात हा शब्द खरा. निंदणाऱ्या बाईसमोर तो जड होतो, तिच्यापुढे कोणी लीन झालं तर तीच अवघडून जाईल.

खेड्यात या जागी आणखी एक शब्द वापरतात, ‘गरीब’. ‘लय गरीब हाये बिचारी, उलटून बोलत नाई.’ तो मात्र घेऊ नका. सुनेने आवाज काढू नये या अपेक्षेलाच तिथे गुणाचं नाव दिलेलं असतं. ज्याला बोलूच दिलं नाही त्याचं गप्प बसणं नम्रतेत जमा करणं मला मान्य नाही.

म्हणून शिष्टपणाच्या उलट मी ‘शिष्यपण’ ठेवीन. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. पहिलं अमानित्व, मानाची हाव नसणं, आणि त्याच श्लोकात आचार्योपासना, गुरूची सेवा. ज्ञान कशाला म्हणावं हे सांगताना किती येतं याचा हिशेब तिथे घेतलेलाच नाही.

गुरुवारच्या बोलण्यासाठी दोन गोष्टी. ‘शिष्यत्व’ म्हणू नका. ‘शिष्यत्व पत्करलं’ म्हटलं की लोक लगेच ‘कोन्त्या महाराजाचं?’ म्हणून विचारतील आणि गोष्ट भलतीकडे जाईल. ‘शिष्यपण’ थोडा अनोळखी आहे, तेव्हा ‘शिकनं बाकी ठेवनं’ असं फोडून सांगा. आणि ‘शिष्ट’ हे विशेषण बदलत नाही: शिष्ट मानूस, शिष्ट बाई, शिष्ट लोकं. तुमच्या बोलीतला ‘शिष्टपना’ न बदलता बोला, त्याचा ण करायची काही गरज नाही. ज्या बायांबद्दल बोलायचं आहे त्याही चटईवर असतील, आणि हा शब्द त्यांच्याच तोंडचा आहे.