माशांच्या पिल्लांचं बारकोडिंग सुरू करताना

पुण्यात राहून समुद्री माशांवर काम कसं जमणार, ही काळजी सोडून दे. छान जमतं. बारकोडिंग म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून माशाची जात ओळखणं. प्राइमर, पीसीआर म्हणजे प्रयोगशाळेत त्या तुकड्याच्या प्रती काढणं, हे सगळं नंतर बघू. नमुने वाया जातात ते बहुतेक वेळा किनाऱ्यावरच, म्हणून आधी तेवढंच नीट शिक.

- फॉर्मॅलिन अजिबात नको, डीएनए खराब होतो. ९५ टक्के इथेनॉल वापर आणि एक-दोन दिवसांनी बदल, कारण माशाच्या अंगातलं पाणी उतरून ते पातळ होतं.
- फोटो आधी, बाटली नंतर. इथेनॉलमध्ये रंग उडतात. डाव्या बाजूचा फोटो, शेजारी मोजपट्टी.
- चिठ्ठी पेन्सिलनेच लिही आणि बाटलीच्या आत टाक. बॉलपेनची शाई विरघळते.

नवखे लोक डीएनए काढायला अख्खं पिल्लूच कुटून टाकतात. तसं करू नकोस. बोयटाचं बोटाच्या पेराएवढं पिल्लू असलं तरी उजव्या बाजूच्या पराचा छोटा तुकडा पुरतो. देह जपलास तरच पुढे शंका आल्यावर तपासता येईल. आणि शंका येतेच! बारकोडसाठी वापरतात त्या सीओआय जनुकातली डीएनएची साधारण ६५० अक्षरं बोल्ड किंवा जेनबँक या डीएनएच्या सार्वजनिक संग्रहांमध्ये ९९ टक्के जुळली, तरी ते नाव कोणीतरी दिलेलं असतं, आणि चुकीची नावं तिथे भरपूर आहेत. पहिल्याच नावावर थांबू नकोस, निकालाच्या खालच्या ओळीही वाच. अक्षरांच्या एकाच क्रमाला दोन-तीन नावं दिसली, तर जपलेला मासा घेऊन आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रात विचारून बघ.